बातमीचं माहेर शोधायचं कसं? ठाणे-नवी मुंबईतल्या पोरापोरींसाठी

जुलैचा महिना, रात्रीचे साडेअकरा, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय आणि ग्रुपवर एक पत्र येऊन पडतं. वर सरकारी मथळा, खाली सही, गोल शिक्का, मधे लिहिलंय की उद्या ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांना सुट्टी. काय करता तुम्ही? बहुतेक जण अलार्म बंद करतात आणि ते पत्र अजून तीन ग्रुपवर टाकून झोपतात. माझ्या मामेबहिणीने दोन वर्षांपूर्वी हेच केलं. दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकल होती, पत्र आदल्या वर्षीचं होतं, कुणीतरी फक्त तारीख बदललेली आणि वार बदलायचा राहून गेलेला, कॉलेजने परत परीक्षा घ्यायला साफ नकार दिला आणि ती पोरगी कळव्याच्या घरात दिवसभर रडत बसली. तारखेपुढचा वार कॅलेंडरशी जुळवून बघायला दहा सेकंद लागले असते हो. तेवढंच कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी ऐरोलीला नोकरी करते, राहायला कळव्यात, आणि रविवारी आमच्या इथल्या अभ्यासिकेत अठरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींसोबत बसते. तिथे मला दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणजे जे येईल ते खरं. आणि दुसरं टोक म्हणजे "ताई, सगळेच विकले गेलेत, मी न्यूज बघतच नाही." मला या दुसऱ्या टोकाची जास्त काळजी वाटते, कारण न्यूज बघत नाही म्हणणाऱ्या मुलालाही बातम्या मिळतातच, फक्त त्या रील्समधून, मित्राच्या स्टेटसमधून, टेलिग्रामवरून मिळतात आणि त्या त्याने स्वतः निवडलेल्या नसतात. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात भारतातले जे ऑनलाइन वाचक होते (सर्व्हे इंग्रजी येणाऱ्यांचा होता हे लक्षात ठेवा) त्यातल्या ५४ टक्के लोकांनी बातम्यांसाठी यूट्यूब आणि ४८ टक्के लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप वापरत असल्याचं सांगितलं, आणि बहुतेक बातम्यांवर विश्वास ठेवतो असं म्हणणारे होते ४१ टक्के. म्हणजे विश्वास कमी आणि वापर प्रचंड.

गावदेवी मार्केटात एकाने सडका टोमॅटो दिला म्हणून आपण भाजी खाणं सोडत नाही, पुढच्या वेळी दाबून बघून घेतो. बातमी दाबून कशी बघायची ते सांगते.

पहिला प्रश्न: हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असणार?

"ही साइट खरी का खोटी" यापासून सुरुवात करू नका, त्यात तुम्ही अडकून पडाल. सुरुवात इथून करा की ही गोष्ट ज्याने ठरवली, मोजली किंवा डोळ्यांनी बघितली तो माणूस किंवा ते ऑफिस कुठलं. मी त्याला बातमीचं माहेर म्हणते. सासर कितीही असतील, माहेर एकच असतं. तिथे जाऊन बघायचं.

सुट्टीचंच घ्या. पावसामुळे सुट्टी जाहीर करतात जिल्हाधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून, किंवा आपल्या शहरापुरती महापालिका. म्हणजे माहेर झालं जिल्ह्याची सरकारी वेबसाइट, जिल्हा माहिती कार्यालय, महापालिकेचं अधिकृत हँडल. आणि इथे आपल्या भागातली एक गंमत आहे जी बाहेरच्याला कळत नाही: वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत आणि जिल्हा रायगड! दोन्हीला आपण नवी मुंबईच म्हणतो. त्यामुळे ठाणे जिल्ह्याचं अगदी खरं पत्र असलं तरी खारघरच्या कॉलेजला ते लागू होत नाही. खरी बातमी चुकीच्या माणसाला पोचली की तीही खोटीच पडते. दरवर्षी यात पोरं फसतात, म्हणून पत्रात आधी जिल्हा वाचा, मग वार-तारीख, मग सही कुणाची आहे ते. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, हेही ग्रुपवर एकदा सांगून ठेवा.

पावसाचं माहेर म्हणजे हवामान विभाग, आपल्यासाठी कुलाब्याचं केंद्र. त्यांच्या इशाऱ्यांच्या रंगांत यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति जोरदार, आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. हे आकडे एकदा माहीत झाले की "ठाण्यात ढगफुटी" असा रील आला तर तुम्ही स्वतःच विचाराल की बाबा तासाभरात १०० मिलिमीटर पडला का, कारण ढगफुटी म्हणायला साधारण तेवढा लागतो. आणि दर पावसाळ्यात २६ जुलै २००५ चे व्हिडिओ नवीन म्हणून फिरतात, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, तसला पूर बघितला की आधी साल तपासा.

सरकारी योजनेचा मेसेज आला, मुलींना फुकट लॅपटॉप वगैरे, तर माहेर म्हणजे शासन निर्णय, आपण जीआर म्हणतो तो. राज्य सरकारची जीआरची वेगळी वेबसाइट आहे, तिथे विभाग निवडून शोधता येतं, आणि प्रत्येक जीआरला एक लांबलचक सांकेतांक असतो ज्याची सुरुवातच साल-महिना-तारखेने होते. मेसेजमधल्या जीआरवर सांकेतांक नसेल किंवा तो वेबसाइटवर टाकून काही निघत नसेल तर थांबा. एमपीएससी करणाऱ्यांनो, परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी टेलिग्रामच्या चॅनलवर वाचून पुस्तक मिटू नका, आयोगाचं ऑफिस आपल्या बेलापुरातच आहे, आणि परिपत्रक येतं ते आयोगाच्याच वेबसाइटवर.

वेबसाइटचा पत्ता वाचायचीही रीत आहे. सुरुवातीच्या https:// नंतर जी पहिली तिरपी रेष येते तिच्या आधी जे संपतं ते बघायचं. तिथे डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असेल तर सरकारी. जीओव्ही हा शब्द मधेच कुठेतरी घुसवलेला आणि शेवटी डॉट कॉम, डॉट ऑनलाइन असलं काही असेल तर सरळ बंद करा, घराच्या लॉटरीचा फॉर्म असो नाहीतर नोकरीचा. पैसे गेले असतील तर लाजू नका, वेळ घालवू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

तीन साइटवर आलं म्हणजे तीन साक्षीदार झाले असं नाही

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अभ्यासिकेत मुलं म्हणतात, ताई पाच ठिकाणी आलंय, खोटं कसं असेल. मग मी त्यांना पाचही उघडायला लावते आणि पाचही ठिकाणी तोच परिच्छेद निघतो, कधीकधी तीच शुद्धलेखनाची चूकसुद्धा. एक तर सगळ्यांनी वृत्तसंस्थेची बातमी घेतलेली असते, म्हणजे पीटीआयसारख्या, जे रीतसर आहे आणि तसं लिहिलेलंही असतं, किंवा एकाने कुठून तरी उचललेलं आणि बाकीच्यांनी त्याचं उचललेलं. पहिलं वाक्य कॉपी करून दुहेरी अवतरणात टाकून सर्च करा, कोण कुणाचं चिकटवतंय ते लगेच दिसतं. "अमुक वाहिनीने असे वृत्त दिले आहे" असं वाक्य सापडलं की ती अमुक वाहिनी उघडा, तिथेही "सोशल मीडियावर व्हायरल" एवढंच असेल तर तुमच्या हातात अजून काहीच नाही.

मेहनत करून लिहिलेली बातमी ओळखू येते. त्यात गावाचं नाव असतं, नुसतं "ठाण्यात" नाही तर कापूरबावडी की दिवा की मुंब्रा, कुठल्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला ते असतं, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं असतं किंवा त्याला विचारलं पण उत्तर मिळालं नाही असं स्पष्ट असतं, आणि बातमीदाराचं नाव किंवा निदान प्रतिनिधी कुठला ते असतं. "सूत्रांच्या माहितीनुसार" आलं की ती बातमी लगेच खोटी ठरत नाही, चांगले पत्रकारही नाव लपवून सांगणाऱ्या माणसाकडूनच मोठी प्रकरणं बाहेर काढतात, पण तशी बातमी मी दोन दिवस बाजूला ठेवते, फॉरवर्ड करत नाही.

अजून एक, "होणार" आणि "झालं" यातला फरक. नवी मुंबई विमानतळ या महिन्यात सुरू होणार, त्या महिन्यात सुरू होणार हे आपण किती वर्षं वाचलं! उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ पासून. मधल्या सगळ्या बातम्या खोट्या होत्या का? नाही, कुणीतरी तसं खरंच बोललेलं होतं. पण "होणार" ही बोलणाऱ्याची बातमी असते, गोष्टीची नसते, त्यामुळे कोण बोललं आणि त्याला त्यात काय मिळणार हे बघायचं. उलव्यात, पनवेलमध्ये, घोडबंदरला फ्लॅट घ्या म्हणणाऱ्या रील्स याच "होणार"वर चालतात. त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात पेड पार्टनरशिप लिहिलंय का बघा, जाहिरातदारांच्या आस्की या संस्थेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सर लोकांना ते लिहायला सांगितलेलं आहे. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आणि क्यूआर कोड लागतो, तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं खरं काय ते त्याच्या माहेरीच वाचता येतं, घरच्यांनी टोकन द्यायच्या आत हे करून द्या.

पेज कुणाचं आहे?

छापील पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापखान्याचा पत्ता असतो, लहानपणापासून बघतोय पण कधी वाचत नाही. ते कायद्याने द्यावं लागतं, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असतं. ऑनलाइनवरही तेच शोधा, संपादक कोण, ऑफिस कुठे, तक्रार कुणाकडे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मी स्वतः दोनदा अशी तक्रार केलीय, एकदा मथळा बदलला गेला. करून बघा, आपल्या हातात काहीच नाही असं वाटणं त्याने कमी होतं.

इन्स्टावर पेजच्या नावावर टॅप केलं की अकाउंटबद्दलची माहिती येते, कधी सुरू झालं, कुठल्या देशातून चालतं, आधी किती वेळा नाव बदललं. काल मीम्सचं पेज होतं, आज "ठाणे ब्रेकिंग" झालं असेल तर ते तिथे दिसतं.

व्हिडिओ आणि फोटो

व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, वरचं लिहिलेलं कापून टाका आणि गूगल लेन्समध्ये टाका. जो सगळ्यात जुना निकाल येईल तो उघडा. त्याशिवाय डोळे वापरा, आपला भाग आपल्यालाच ओळखता येतो. गाड्यांच्या पाट्या बघा, एमएच ०४ ठाणे, एमएच ४३ नवी मुंबई, एमएच ०५ कल्याण, एमएच ४६ पनवेल, आणि "ठाण्यातला राडा" म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही गाडी महाराष्ट्राची नसेल तर काय ते समजा. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत, बस टीएमटीची का एनएमएमटीची, रिक्षाचा रंग, झाडं, पाऊस आहे का ऊन. मग एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका, कारण व्हिडिओ खरा आणि आवाज दुसरीकडचा असं खूप होतं.

एआयने बनवलेले चेहरे आता नुसत्या नजरेने पकडता येत नाहीत, बोटं मोजण्याचे दिवस गेले. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला आणि तो खोटा आहे हे सचिनलाच स्वतःच्या अकाउंटवरून सांगावं लागलं. तिथेही उपाय तोच, माहेरी जा, त्या माणसाच्या स्वतःच्या अकाउंटवर ते आहे का. एआय चॅटबॉटला बातमी विचारत असाल तर त्याने दिलेली लिंक उघडून वाचल्याशिवाय पुढे सांगू नका. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीने २०२५ मध्ये तपासलं तेव्हा बातम्यांवरच्या ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी मोठी गडबड सापडली होती.

फॅक्ट-चेकसाठी बूम, ऑल्ट न्यूज आहेत, मराठीत न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो वाचता येतात. पीआयबीचं फॅक्ट चेक केंद्र सरकारचं आहे, सरकारी योजना आणि नोकरभरतीच्या खोट्या मेसेजसाठी ते खूप कामाचं, पण सरकारवरच टीका असलेली बातमी असेल तर ती सरकारची बाजू म्हणून वाचा. सरकारबद्दलची बातमी खोटी आहे हे सरकारच्याच युनिटने ठरवायचं असा नियम आणला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मी हे इतकं का सांगतेय

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. तसलेच मेसेज तेव्हा आपल्याकडेही सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होते, माझ्याही फोनवर आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली आणि एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटवर. मेसेजवर दोन बाण दिसले की समजायचं, हा तुमच्याकडे यायच्या आधी निदान पाच हातांतून आलाय, आणि त्या पाचांपैकी कुणीच माहेरी जाऊन बघितलेलं नसण्याची शक्यता जास्त. मुलं पळवणारे, दूषित पाणी, दंगल, अमुक जातीचे तमुक धर्माचे लोक, असा मेसेज असेल तर तपासून होईपर्यंत बोट हलवू नका. घाबरलेला माणूस काहीही करतो.

रोजची सवय

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरला बसलं की दिघा गाव गेलं आणि ऐरोली आलं, तेवढा वेळ मी रील उघडत नाही, पेपरचं अ‍ॅप उघडते. एक राज्याचा पेपर, एक ठाण्यातला, आपल्याकडे ठाणे वैभव आहे, पाणी कपात, टीएमटी, नाले, रस्ते यासाठी त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि आठवड्यातून दोनदा असा एखादा पेपर ज्याची मतं माझ्याशी जुळत नाहीत. आख्खं वाचा. २०१६ च्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या लिंकपैकी ५९ टक्के कुणी उघडल्याच नव्हत्या असं दिसलं होतं. विश्वास विषयानुसार ठेवा, एखादं चॅनल पुरात लाइव्ह चांगलं दाखवतं पण संध्याकाळच्या चर्चेत नुसता आरडाओरडा, तर पुराला ते लावा, चर्चेला बंद करा. परवडत असेल तर एकाचं तरी सबस्क्रिप्शन घ्या, बातमीदाराचा पगार कुठून तरी यायला हवा ना. नसेल परवडत तर वाचनालयं आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आणि याच गावातून १८६६ मध्ये अरुणोदय हे वर्तमानपत्र निघालं होतं, आपल्या ठाण्याला वाचायची सवय जुनी आहे.

घरच्या ग्रुपवर काय करायचं

काकांनी चुकीचं काही टाकलं तर सगळ्यांसमोर "फेक आहे" लिहू नका, ते दुखावतात आणि मग हट्टाला पेटतात. वेगळा मेसेज करा किंवा फोन. "काका, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी शोधून बघितला, २०१९ चा निघाला, ही बघा लिंक, तुम्हीच ग्रुपवर सांगता का?" एवढंच. सांगायचा मान त्यांना दिला की बहुतेक वेळा ते सांगतात. माझे मोठे काका आता पाठवायच्या आधी मला विचारतात, आणि त्यांनी विचारलं की माझा दिवस चांगला जातो.

आणि चूक तुमच्याकडून झाली तर गुपचूप डिलीट करून मोकळं होऊ नका. दोन दिवसांच्या आत असेल तर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट होतो, तो करा, पण ज्या ज्या ग्रुपवर टाकलं त्या प्रत्येक ठिकाणी हे लिहा, हवं तर असंच्या असं कॉपी करा: "काल रात्री मी सुट्टीचं जे पत्र टाकलं ते जुनं होतं, चूक माझी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाची खरी सूचना खाली दिली आहे. तुम्ही ते पुढे कुणाला पाठवलं असेल तर त्यांनाही आत्ताच कळवा, आज परीक्षा आहे."